पॅरिश कौन्सिलवर गेलेल्या मुलीला

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला, वाड्यातल्या एससीसीने (आपल्या वस्तीतल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या छोट्या गटाने) पॅरिश कौन्सिलसाठी, म्हणजे आपल्या चर्चच्या सल्लागार मंडळासाठी, तुझं नाव दिलं हे ऐकून खूप बरं वाटलं. तू लिहिलंस, टीचर, सगळे माझ्यापेक्षा मोठे, मी तिथे काय बोलणार. पहिले काही महिने बोलायची घाई करूच नको गं. वाड्यातल्या लोकांचं ऐकायचं, ते आत न्यायचं आणि आत काय ठरलं ते परत येऊन त्यांना सांगायचं, एवढं केलंस तरी खूप. त्यातलं ते परत येऊन सांगणं कोणीच करत नाही आणि माझ्या मते सगळं तिथेच अडतं.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पोप फ्रान्सिसनी सिनड (चर्चची विचारविनिमयाची सभा) सुरू केला, तेव्हा जगभरातल्या पॅरिशमध्ये प्रापंचिकांना, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्या साध्या श्रद्धावंतांना, विचारलं गेलं, की चर्च तुमचं ऐकतं का. त्या दिवसांत मी एका वाड्याच्या मीटिंगला होते (गावाचं नाव नको). प्रार्थना झाली, दोनतीन जण फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) लायटिंगवर बोलले आणि मग कोपऱ्यात बसलेली एक बाई उठली, म्हणाली माझा नवरा गेला त्या दिवशी मुलगा बोटीवर, घरात माणूस पडलेला आणि मी मयतासाठी चर्चच्या ऑफिसात जुन्या वर्गणीच्या पावत्या दाखवत उभी. कोणी काही बोललं नाही, चहा आला. रिपोर्टमध्ये काय लिहिलं माहितीये? "उपस्थितांनी विविध सूचना मांडल्या." बस. तिचं म्हणणं कुठे पोचलं, पुढे काय झालं, सांगायला कोणी तिच्या दारात गेलं नाही आणि ती नंतर मीटिंगला यायची बंद झाली. लोक म्हणतात आजकाल माणसं येत नाहीत, अरे पण आलेल्या माणसाचं आपण काय केलं!

तुला कोणी ना कोणी सांगेलच की हे ऐकण्याबिकण्याचं नवीन फॅड आहे. त्यांना बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'चा सहावा अध्याय काढून दे. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, आणि बारा प्रेषितांनी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही, सगळ्यांना बोलावलं, तुमच्यातूनच सात जण निवडा म्हणाले, लोकांनी निवडले आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवले. म्हणजे चर्चमधली एक सेवाच मुळात विधवांच्या तक्रारीतून उभी राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरातल्या बिशपांच्या सभेने) १९६४ मध्ये प्रापंचिकांच्या मत मांडण्याबद्दल स्पष्ट लिहिलं आणि १९८३ च्या चर्च कायद्यात, कॅनन (कलम) २१२ मध्ये, चर्चच्या भल्यासाठी आपलं मत पाळकांना सांगणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, आणि कधी कधी कर्तव्यही, असं आहे. मान राखून सांगायचं, हेही त्यातच आहे.

पण कायद्याची दुसरी बाजूही माहीत असू दे. पॅरिश कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतंच, निर्णय फादरचा. फायनान्स कौन्सिल प्रत्येक पॅरिशमध्ये असलीच पाहिजे (कॅनन ५३७), पास्टोरल कौन्सिल, म्हणजे तुझी ही, मात्र बिशपना योग्य वाटली तर (५३६). पैशाच्या हिशोबाला सक्ती आणि माणसांच्या म्हणण्याला ऐच्छिक, हे मला कधीच पटलं नाही. २६ ऑक्टोबर २०२४ ला सिनडचा शेवटचा दस्तऐवज मंजूर झाला त्यात अशा कौन्सिल सक्तीच्या कराव्यात अशी मागणी आहे, आणि जबाबदार माणसांनी आपल्या कामाचा हिशोब लोकांना द्यावा हेही. पोप फ्रान्सिस वारले तरी काम थांबलं नाहीये, पोप लिओंच्या काळात ते पुढे चालू आहे, २०२८ च्या ऑक्टोबरमध्ये रोममध्ये त्यावर मोठी सभा आहे. त्यामुळे तुझी टर्म अगदी मोक्याच्या वेळी आलीये.

सिनडच्या वेळी रोमला सगळे गोल टेबलांना बसले होते, कार्डिनलच्या शेजारी साधी प्रापंचिक बाई, आणि २०२३ मध्ये पहिल्यांदाच बायकांना मतदानही होतं. पद्धत अशी, आधी प्रत्येकाने ठरलेल्या वेळात बोलायचं, मध्ये कोणी तोंड घालायचं नाही, मग थोडा वेळ शांतता, मग दुसऱ्या फेरीत आपलं नाही तर दुसऱ्याचं काय मनाला लागलं ते सांगायचं, पुन्हा शांतता, आणि मगच चर्चा. वाड्यात करून बघ. दुसऱ्या फेरीत नेहमीचे बोलणारे अडखळतात, कारण त्यांनी ऐकलेलंच नसतं.

आणि मीटिंगला कोण नाही ते बघ, हे फार महत्त्वाचं. बोटीवरचे तारवटी, लंडनला गेलेल्यांची मागे राहिलेली म्हातारी आईवडील, बंगल्यांत काम करणाऱ्या झारखंडच्या मुली ज्या मागच्या बाकावर मिस्सा ऐकून गुपचूप निघून जातात, सावंतवाडीकडून आलेली आपली माणसं ज्यांना इथल्या कोकणीत बोलायचा संकोच वाटतो. रविवारी अकराला मीटिंग ठेवली की अर्ध्या बायका स्वयंपाकघरात अडकतात आणि मग म्हणायचं बायका इंटरेस्ट घेत नाहीत! वेळ बदलून माग. नाहीच बदलली तर तू त्यांच्या घरी जा, फिश मार्केटात भेट, मराठीत बोल, हिंदीत बोल.

फादरशी भांडू नको. शाळा, कपेलं (वाड्यांवरची छोटी प्रार्थनामंदिरं), आजारी माणसं, मयतं, सगळं त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर असतं आणि बऱ्याचदा त्यांना खरं सांगणारं माणूसच मिळत नाही, सगळे हो फादर हो फादर करतात. आधी एकटं भेटून सांग, मग मीटिंगमध्ये. आणि मिनिट्स लिहायचं काम मागून घे, कोणालाच नको असतं ते. बाईने काय म्हटलं ते तिच्याच शब्दांत लिही, फक्त नाव घालायच्या आधी तिला विचार. पुढे एक कॉलम कर, काय ठरलं आणि वाड्यात कोण सांगणार. उत्तर नाही असलं तरी सांगायचं, का नाही ते धरून.

पहिल्या मीटिंगचा अजेंडा आला की मला फॉरवर्ड कर, वर्गणी आणि मयताचा विषय त्यात कुठे घालता येईल ते आपण फोनवर बघू.

तुझी टीचर