व्हर्च्युअल मशीनवर चाललेला स्वतः तयार केलेला लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सर्व्हरवर बसवताना जुना काढून टाकावा का, आणि नवा कसा तपासावा?

जुना काढू नये, आणि नवा पहिल्याच दिवशी डीफॉल्टही (आपोआप सुरू होणारा) करू नये.

हाच वाद पूर्वीच्या नोकरीत माझा एका वरिष्ठांशी झाला होता. बूट पार्टिशन (डिस्कवरील कर्नल ठेवण्याचा भाग) भरत आले आहे आणि व्हर्च्युअल मशीनवर नवा कर्नल नीट चालतो, तेव्हा जुना ठेवण्यात अर्थ नाही, असे त्यांचे ठाम मत होते. सर्व्हर डेबियन या लिनक्सचा, दुसऱ्या शहरातील डेटा सेंटरमध्ये, आणि रिमोट कन्सोल (दुरून स्क्रीन-कीबोर्ड वापरण्याची सोय) नाही. मी हट्टाने जुना कर्नल डीफॉल्ट राखला, ग्रब (यंत्र सुरू होताना कर्नल निवडणारा प्रोग्राम) याच्या 'ग्रब-रीबूट' आज्ञेने नवा केवळ पुढच्या एका बूटसाठी निवडला आणि कर्नलच्या पॅरामीटरमध्ये 'पॅनिक=१०' जोडले, म्हणजे कर्नल कोसळला (पॅनिक) तर दहा सेकंदांनी यंत्र स्वतःच रीबूट व्हावे. रीबूटनंतर पिंग बंद पडले ते बराच वेळ आले नाही. आले तेव्हा 'यूनेम -आर' जुनाच कर्नल दाखवत होते. नव्या कर्नलची कॉन्फिग (त्यात काय घ्यायचे याची निवड) 'लोकलमॉडकॉन्फिग' या आज्ञेने व्हर्च्युअल मशीनवर तयार झाली होती आणि ती आज्ञा त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) ठेवते, त्यामुळे व्हर्च्युअल मशीनचे व्हर्टआयओ ड्रायव्हर राहिले आणि सर्व्हरच्या रेड कंट्रोलरचा (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर गळाला. रूट डिस्क सापडली नाही की डेबियनचे इनिटरॅमएफएस (रूट डिस्क जोडण्याआधी मेमरीत चालणारी छोटी प्रणाली) एरवी शेल उघडून कोणीतरी कीबोर्डवर येण्याची वाट पाहत बसते; 'पॅनिक=' दिलेले असेल तर शेल न उघडता यंत्र रीबूट होते. जुना कर्नल पुसला असता, तर रीबूट होऊनही परतण्यासाठी काहीच उरले नसते.

म्हणून सर्व्हरवरील 'एलएसमॉड' या आज्ञेने मिळणारी लोड मॉड्यूलांची यादी फाइलमध्ये घ्यावी आणि 'एलएसमॉड=' या व्हेरिएबलमधून तीच 'लोकलमॉडकॉन्फिग'ला द्यावी. 'लोकलव्हर्जन' (कर्नलच्या आवृत्तीला जोडायची खूण) वेगळे ठेवावे, म्हणजे जुन्या मॉड्यूलांवर नवी लिहिली जात नाहीत. तपासणीसाठी दोन्ही कर्नलांचे 'डीमेसेज' (कर्नलने नोंदवलेले संदेश) शेजारी ठेवून इशारे ताडावेत आणि नेहमीचा भार काही दिवस चालू द्यावा. जागेचे म्हणाल, तर डीबग माहितीसकट मॉड्यूल बसवल्याने इनिटरॅमएफएस फुगते; 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१' दिल्यास ते आटोक्यात येते. जागेसाठी जुन्या कर्नलवर कुऱ्हाड चालवणे हा उपाय मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

एक मात्र आधी तपासा: बूट पार्टिशन एलव्हीएमवर किंवा सॉफ्टवेअर रेडवर (डिस्कची जागा सॉफ्टवेअरने एकत्र करण्याच्या पद्धतींवर) असेल, तर ग्रबला तिथे लिहिता येत नाही, एकवेळची निवड पुसली जात नाही आणि यंत्र पुन्हा पुन्हा त्याच कर्नलवर जाते. शिवाय कर्नल पॅनिक न होता नुसता गोठला, तर 'पॅनिक=१०' निरुपयोगी; त्यासाठी हार्डवेअर वॉचडॉग (यंत्र गोठले की ते रीबूट करणारा टायमर) हवा.