वाचकांचे प्रश्न : दुकानात भारदस्त, घरी घुमणारा

प्रश्न : माझी खोली साधारण ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. संध्याकाळी शांतपणे गाणे ऐकता यावे म्हणून मी बुकशेल्फ स्पीकरच्या दोन जोड्या निवडून ठेवल्या आहेत. पहिलीचा वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा पडदा) १३ सेंटिमीटरचा असून तिची पेटी पूर्ण बंद आहे. दुसरीचा वूफर साडेसोळा सेंटिमीटरचा आहे आणि तिला मागच्या बाजूला पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करण्याचे भोक आहे. माहितीपत्रकात पहिलीची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वीज दिल्यावर स्पीकर किती मोठा वाजतो, तो आकडा) ८४ डेसिबल आणि दुसरीची ८८ डेसिबल दिली आहे. दुकानात दुसरी जोडी निर्विवाद सरस वाटली. पण तीच जोडी एका मित्राच्या घरी ऐकली तेव्हा खालचे स्वर घुमत होते आणि गायिकेचे शब्द नीट कळत नव्हते. माझे कान दुकानात फसले की मित्राच्या घरी?

उत्तर : आपण दोन्ही ठिकाणी जे ऐकले ते खरेच होते. फक्त ती तुलना स्पीकरची नव्हती. दुकानात आपण दोन आवाजांच्या मोठेपणाची तुलना केलीत आणि मित्राकडे एका खोलीची परीक्षा घेतलीत.

आधी दुकानातले पाहू. ॲम्प्लिफायरवरचा आवाज कमी-जास्त करण्याचा खटका न हलवता एका जोडीवरून दुसरीवर गेलात, तर ८८ डेसिबलवाली जोडी ४ डेसिबलने मोठी वाजते. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण पहिल्या जोडीकडून तेवढाच आवाज काढायचा तर तिला सुमारे अडीचपट वीज द्यावी लागेल. मोठा वाजणारा स्पीकर पहिल्या मिनिटात नेहमीच अधिक मोकळा, अधिक भरदार वाटतो. त्यामागे कानाचा एक जुना स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते झपाट्याने वर येतात. म्हणजे दुसऱ्या जोडीचा जो ‘बेस’ आपल्याला भावला, त्याचा काही भाग वूफरचा असेल, पण बराचसा निव्वळ खटक्याचा होता.

म्हणून पारख करण्यापूर्वी दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घ्यावा. पिंक नॉइज नावाचा, धबधब्यासारखा सलग वाजणारा चाचणीचा आवाज लावावा, आपण जिथे बसणार तिथे कानाच्या उंचीवर फोन धरावा आणि आवाज मोजणाऱ्या ॲपवर आकडा पाहावा. फोनचा आकडा अचूक नसतो. पण आपल्याला फक्त दोन वाचनांतला फरक हवा असल्याने त्याने काही बिघडत नाही. फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आला की दोन्ही वेळच्या खटक्याच्या जागा कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने खुणावून ठेवाव्यात. एवढ्यानेच पुष्कळदा आधीचा निकाल उलटतो.

सेन्सिटिव्हिटीच्या आकड्याखालची बारीक ओळही वाचावी. हा आकडा बहुधा २.८३ व्होल्ट दिल्यावर १ मीटरवर मोजलेला असतो. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध; ८ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टमध्ये १ वॅट मिळतो, ४ ओहमच्या स्पीकरला मात्र २ वॅट मिळतात. आपली दुसरी जोडी ४ ओहमची असेल, तर त्या ८८ मधले ३ डेसिबल ॲम्प्लिफायरच्या खिशातून आलेले आहेत.

पहिल्या जोडीचे ८४ डेसिबल हा तिचा दोष समजू नये. लहान पेटी, खोल खर्ज आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घेतल्या की तिसरी सोडावी लागते. स्पीकर बनवणारे याला हॉफमन यांचा लोखंडी नियम म्हणतात. फळीवर मावणाऱ्या स्पीकरचा जन्मच या देवघेवीतून झाला. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांच्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीने बंद पेटीतल्या हवेलाच वूफरची स्प्रिंग म्हणून वापरले आणि तोवर कपाटाएवढ्या पेटीतून येणारा खर्ज लहान पेटीतून काढून दाखवला. त्याची किंमत त्यांनी सेन्सिटिव्हिटीत मोजली. बीबीसीने प्रक्षेपणाच्या गाडीतल्या अडचणीच्या जागेसाठी १९७० च्या दशकात तयार केलेला एलएस३/५ए हा स्पीकर जेमतेम ५ लिटरचा, सेन्सिटिव्हिटी ८३ डेसिबलच्या आसपास आणि खोल खर्ज जवळपास नाहीच. तरीही मानवी आवाजासाठी त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यातही एक युक्ती आहे. खर्जाच्या किंचित वरच्या पट्ट्यात त्याला थोडा उंचवटा दिलेला आहे, त्यामुळे नसलेला खर्ज असल्याचा भास होतो. भास म्हणून त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. लहान स्पीकरमध्ये बरेचसे कौशल्य अशा भासातच असते.

आता मित्राच्या घराकडे वळू. आपण कळवलेले नाही, पण ती जोडी भिंतीला चिकटून, बहुधा कोपऱ्यात किंवा पुस्तकांच्या कपाटात ठेवलेली असणार. नावात बुकशेल्फ असले तरी या स्पीकरना फळी मानवतेच असे नाही. खालचे स्वर स्पीकरमधून एका दिशेने जात नाहीत, चहूकडे पसरतात. मागच्या भिंतीवर आपटून परतलेला आवाज पुढच्या आवाजात मिसळतो आणि काही स्वर फुगवतो, काही खाऊन टाकतो. वूफरपासून मागची भिंत ६० सेंटिमीटरवर असेल, तर १४३ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. अंतर ३० सेंटिमीटर केले की तोच खड्डा २८६ हर्ट्झच्या आसपास सरकतो. त्यात खोलीच्या स्वतःच्या घुमाऱ्याची भर पडते. आपल्याच खोलीचे गणित मांडले, तर ४ मीटरच्या लांबीमुळे सुमारे ४३ हर्ट्झला आणि ३ मीटरच्या रुंदीमुळे सुमारे ५७ हर्ट्झला खोली स्वतः वाजू लागते. पोर्टवाला मोठा वूफर नेमक्या याच पट्ट्यात जोरकस असतो. घुमाऱ्याची शेपटी पुढच्या शब्दावर पडत राहिली की गायिका कितीही स्पष्ट गात असली तरी अक्षरे पुसट होतात.

पोर्ट मागे असल्यामुळे हे घडले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पोर्टचे तोंड दाबले जाऊ नये, एवढे अंतर लागतेच; पण भिंतीचा परिणाम पोर्ट पुढे असला तरी टळत नाही, कारण खर्जाला पुढे-मागे हा भेदच नसतो. खरा फरक उताराचा आहे. बंद पेटीचा खर्ज दर सप्तकाला साधारण १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्या पेटीचा एका मर्यादेखाली २४ डेसिबलने कोसळतो. लहान खोली खालच्या स्वरांना जो आधार देते, तो बंद पेटीच्या सावकाश उताराला बरोबर पूरक ठरतो. पोर्टवाल्या पेटीत मात्र जिथे आधीच पुरेसे आहे, तिथेच तो ओतला जातो.

ऐकताना काय लावावे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. दुकानदाराच्या चकचकीत नमुन्यांपेक्षा आपल्याला तोंडपाठ असलेली तीन-चार ध्वनिमुद्रणे बरोबर न्यावीत. डग्ग्यावर मनगट घासून काढलेली मींड ही माझ्या मते खर्जाची सर्वांत कठोर परीक्षा आहे : स्वर खालून वर सलग चढत असताना मध्येच एखादा स्वर अंगावर आला आणि त्याच्या शेजारचा गायब झाला, तर दोष खोलीतल्या जागेचा किंवा पेटीचा आहे, हे लगेच कळते. वरच्या स्वरांसाठी तानपुरा लावावा. चांगल्या ट्वीटरवर, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या लहान घुमटावर, जवारीची झिणझिण तारेपासून उमलत गेल्यासारखी ऐकू येते. वाईट ट्वीटरवर ती तारेपासून सुटते आणि वेगळीच सळसळते. ही सळसळ पहिल्या दहा मिनिटांत ‘बारकावे’ म्हणून आवडते आणि तासाभराने डोके दुखवते. मग एकट्या गळ्याचे, कमीत कमी साथीचे गाणे लावून उभे राहावे, डावी-उजवीकडे दोन पावले जावे. आवाजाचा पोत जागेगणिक बदलत असेल, तर बाजूला जाणारा आवाज समोरच्या आवाजाशी जुळत नाही, असे समजावे. खोलीत आपल्या कानावर येणाऱ्या आवाजाचा मोठा हिस्सा भिंतींवरून परतून आलेला असतो, म्हणून हा मेळ फार मोलाचा आहे. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत केलेल्या चाचण्यांतून हेच पुढे आले : स्पीकर पडद्याआड असताना बहुसंख्य श्रोत्यांनी पसंत केलेले स्पीकर समोरून सपाट (कोणताही स्वर फुगवून वा दाबून न टाकणारा) आणि बाजूंनी सुरळीत आवाज देणारे होते. टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर त्याच श्रोत्यांनी त्याच स्पीकरना पडदा असताना आणि नसताना वेगवेगळे गुण दिले. म्हणून घरातल्या कोणाला तरी जोड्या बदलायला सांगावे आणि दोन्हींवर पातळ कापड टाकावे. थोडे हास्यास्पद दिसते खरे.

येथे माझी एक फजिती सांगतो. एकदा मी घरी दोन जोड्या ताडून पाहत होतो आणि त्यांतली एक आठवडाभर नापसंत करत राहिलो. खर्ज नाही, आवाज पांगलेला, गायक नेमका कुठे उभा आहे ते कळेना. आठव्या दिवशी धूळ पुसताना पाहिले, तर उजव्या स्पीकरच्या मागे लाल तार काळ्या टोकाला जोडलेली होती. एका वूफरचा पडदा पुढे येत होता तेव्हा दुसऱ्याचा मागे जात होता आणि दोघे मिळून खर्ज गिळत होते. तार बदलली आणि गायक मधोमध येऊन उभा राहिला. तेव्हापासून कोणतीही तुलना सुरू करण्यापूर्वी मी एकाच माणसाचे बोलणे लावतो. आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून आला, तरच पुढे जातो.

आपल्याला माझा सल्ला असा. स्पीकर भिंतीलगतच ठेवावे लागणार असतील आणि आवाज बेताचा ठेवून ऐकायचे असेल, तर पहिली, बंद पेटीची जोडी घ्यावी. स्टँडवर ठेवून भिंतीपासून अर्धा-पाऊण मीटर पुढे आणता येत असतील, तर दुसरी जोडी अधिक मोकळेपणाने गाईल. दोन्ही बाबतींत ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा, दोन स्पीकर आणि आपण मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा आणि आपली खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली नसावी. दुसरी जोडी घरी घुमू लागलीच, तर परत करण्याआधी पोर्टमध्ये फोमचा बोळा बसवून पाहावा. काही कंपन्या तो सोबत देतातही; नसेल तर गुंडाळलेला पायमोजा चाचणीपुरता पुरतो.

प्रश्न : माझा ॲम्प्लिफायर ४० वॅटचा आहे आणि घ्यायच्या स्पीकरवर १०० वॅट लिहिले आहे. ॲम्प्लिफायरही बदलावा लागेल का?

उत्तर : नाही. स्पीकरवरचे १०० वॅट ही सहन करण्याची मर्यादा आहे, त्याची भूक नव्हे. ४० च्या जागी ८० वॅटचा ॲम्प्लिफायर आणला, तर जास्तीत जास्त आवाजात फक्त ३ डेसिबलची भर पडते. आवाज दुप्पट मोठा भासायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वीज लागते. मध्यम खोलीत नेहमीच्या ऐकण्यात सरासरी खर्च बहुधा १ वॅटच्याही आत असतो आणि बाकीची शक्ती तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी राखीव असते. वॅटपेक्षा ओहमकडे लक्ष द्यावे. स्पीकरवर ८ लिहिलेले असूनही काही स्वरांना तो ४ च्या खाली जात असेल, तर आपल्या ॲम्प्लिफायरला ४ ओहमचा भार चालतो का, हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे.

प्रश्न : नवे स्पीकर शंभर तास वाजल्याशिवाय खुलत नाहीत, असे विक्रेत्याने सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : वूफरची कड आणि आतला आधार सुरुवातीच्या वापरात थोडा सैल होतो, हे खरे आहे, पण त्यामुळे आवाजात पडणारा फरक लहान असतो. शंभर तासांत खुलतात ते मुख्यतः ऐकणाऱ्याचे कान. परत करण्याची मुदत त्यापूर्वी संपत असेल, तर ती मुदत पाळावी.

प्रश्न : वीस-पंचवीस वर्षांची जुनी पण नावाजलेली जोडी मिळते आहे. काय तपासावे?

उत्तर : जाळी काढून वूफरच्या कडेची पट्टी पाहावी. ती रबराची असेल तर सहसा टिकते. फोमची असेल तर वापर झालेला असो वा नसो, वयाने भुगा होते. बोटाने अगदी हलके दाबावे. बोटाला काळी भुकटी लागली, तर कड नव्याने बसवण्याचा खर्च व्यवहारातून आधीच वजा करावा. नंतर दोन्ही हातांची बोटे पसरून पडदा सर्व बाजूंनी सारखा, किंचित आत ढकलावा. आत खरखर जाणवली, तर आतली तारेची गुंडाळी (कॉइल) घासते आहे आणि ती जोडी सोडून द्यावी. ट्वीटरच्या घुमटाला मात्र हात लावू नये. तो वाजवूनच तपासावा, एकेका स्पीकरचा वेगळा आणि कान अगदी जवळ नेऊन, कारण जुन्या जोडीत एक ट्वीटर मुका असूनही दुसऱ्याच्या आवाजात ते लपून जाते.