आधी डबा, मग लिंक

अनेक आशीर्वाद.

पापड, बिबडे (ज्वारीचे पापड), केळी वेफर्सच्या साइटवर तू अफिलिएटचा, म्हणजे आपल्या लिंकवरून गिऱ्हाईक पाठवून विक्रीमागे कमिशन घेणाऱ्यांसाठीचा, फॉर्म टाकलास, दोनशे जणांनी तो भरला आणि दोन महिन्यांत ऑर्डर आल्या त्या फक्त सात जणांकडून. आता विचारतेस, आणखी पाचशे कसे जोडू? जोडू नकोस. ज्याच्या शब्दावर गिऱ्हाईक खिशात हात घालतं, तो माणूस सहसा फॉर्म भरायला येत नाही. त्याच्या दारी आपल्यालाच जावं लागतं.

पण दारी जाण्याआधी हिशेब. समज ६०० रुपयांची ऑर्डर आहे. माल आणि पॅकिंग ३४०, कुरिअर ८०, उरले १८०. त्यातून १२ टक्के कमिशन म्हणजे ७२ गेले, तुझ्या हातात १०८. आता कॅश ऑन डिलिव्हरीचं एक पार्सल परत आलं तर जाण्या-येण्याचे १६० गेले, वर वेफर्सचा चुरा. म्हणजे दीड चांगल्या ऑर्डरची कमाई एका परतीत बुडाली. म्हणून कमिशन ऑर्डर पडल्यावर धरायचं नाही, पार्सल गिऱ्हाइकाने घेतल्यावर धरायचं, आणि हे पहिल्या दिवशीच लेखी सांगायचं. नंतर सांगितलं की भांडण होतं.

दुसरा आकडा क्लिकमागच्या कमाईचा. शंभर क्लिकमागे दोन ऑर्डर येत असतील तर अफिलिएटला १४४ रुपये मिळतात, म्हणजे क्लिकला १ रुपया ४४ पैसे. जाणता माणूस टक्केवारी नंतर विचारतो, आधी हे विचारतो. त्या सात जणांच्या लिंकवरून तुझा खरा आकडा काढून ठेव.

आता माणसं कुठे शोधायची. फॉलोअर किती, हे शेवटी बघ. यूट्यूबवर ‘खानदेशी काळा मसाला’, ‘वांग्याचं भरीत’, ‘शेवभाजी’, ‘कळण्याची भाकरी’ असं टाक आणि पहिले वीस-तीस चॅनल वहीत उतरव. प्रत्येकाचे दहा व्हिडिओ उघडून फक्त खालच्या कमेंटी वाच. ‘छान ताई’, ‘मस्त’ यांना किंमत नाही. ‘हा मसाला कुठे मिळतो?’, ‘पुण्यात हे पापड मिळतील का?’ असं विचारणारे दिसले आणि चॅनलवाली त्यांना उत्तर देत असली, की त्या नावापुढे खूण कर. अहिराणीत बोलणारे चॅनल वेगळे काढ. सुरत, पुणे, नाशिक, मुंबईकडे गेलेला आपला माणूस ते बघतो, आणि आखाजी, कानबाई या आपल्या सणांना गावची चव त्यालाच आठवते. धुळ्या-जळगावात बिबडे घरोघरी होतात. तिथल्या बघ्यांना ते विकत घ्यायला सांगणं म्हणजे मेहनत वाया.

एक खाण तर तुझ्याच ऑर्डरच्या वहीत आहे. तीनदा मागवून दोनदा दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवणारी बाई शोध. एखाद्या महिला मंडळाचा किंवा सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप ती चालवत असेल, तर लाखभर फॉलोअरवाल्यापेक्षा ती बरी.

निवडलेल्यांना एकच मेसेज सगळीकडे चिकटवू नकोस. आधी तुझ्या मालाचा डबा चाखायला पाठव, काही अट न घालता. मेसेज चार ओळींचा: तिच्या कुठल्या व्हिडिओतली कुठली गोष्ट पटली, तुझ्या मालाशी तिचा मेळ कुठे बसतो, क्लिकमागे काय सुटतं, पैसे कुठल्या तारखेला मिळतात. कुकीची मुदत, म्हणजे क्लिकनंतर किती दिवसांतली खरेदी तिच्या नावावर धरायची, ती ३० दिवस ठेव. ॲमेझॉनच्या अफिलिएट योजनेत ती साधारण २४ तास असते, तेव्हा छोट्या दुकानाला इथे उजवं ठरता येतं. यूट्यूबवालीला लिंक दे. वर्णनातली लिंक वर्षानुवर्षं चालते. रीलच्या मजकुरातल्या लिंकवर क्लिक होत नाही, म्हणून रीलवालीला, गिऱ्हाइकाने पैसे भरताना टाकायचा, तिच्या नावाचा सोपा कोड दे.

जोडल्यानंतरचा पहिला महिना सांभाळ. त्यात एकही विक्री झाली नाही तर ती माणसं गप्प होतात, सोडतो असं सांगतही नाहीत. म्हणून फोटो, वजनासह किंमत, तेल कुठलं, पापड किती महिने टिकतो, सुरतेला पार्सल किती दिवसांत जातं, हे सगळं तयार करून दे. पहिलं कमिशन ७२ रुपये असलं तरी ठरल्या तारखेला टाक. ‘५०० झाल्यावर देऊ’ हा नियम पहिल्या वेळी लावू नकोस. माल संपला की त्याच दिवशी कळव. पोहोच झालेल्या २५ ऑर्डरनंतर १२ चे १५ टक्के कर. तुझ्याकडे तरीही ९० उरतात.

लबाडी कुठून होते तेही बघून ठेव. गिऱ्हाईक पैसे भरायला येतं, कुपनचा रिकामा चौकोन दिसतो, ते गूगलवर कोड शोधतं आणि कुपनच्या साइटवरून परत येतं. त्या साइटनेही अफिलिएट म्हणून लिंक घेतलेली असेल, तर शेवटचा क्लिक तिचा, म्हणून कमिशनही तिला. विक्री तर आधीच झालेली होती! तो चौकोन लपव आणि कोड लिंकबरोबर आपोआप लागू दे. कोणाच्या कोडवर जुनीच गिऱ्हाइकं दिसू लागली, तर कोड बाहेर सगळीकडे पसरला असं समज. तुझ्या ब्रँडच्या नावावर गूगलला जाहिरात लावायची नाही, स्वतःच्या लिंकवरून खरेदी करायची नाही, या दोन अटी लेखी असू दे.

जळगावच्या केळीला आणि भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून कोणी तुझे वेफर्स ‘मानांकित’ म्हणून खपवू लागलं तर लगेच थांबव. मानांकन फळाला आहे, वेफर्सला नाही. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे कमिशनची पोस्ट ‘जाहिरात’ म्हणून स्पष्ट दिसली पाहिजे. एकीला वर्षात २०,००० च्या वर कमिशन जाऊ लागलं की टीडीएस तुला लागू होतो का, ते सीएला विचार.

भरिताचा हंगाम थंडीचा. डिसेंबरचे व्हिडिओ हवेत तर डबे ऑक्टोबरातच निघाले पाहिजेत. सध्या दहाच पाठव. बिबडे उभे लाव, वेफर्स सगळ्यात वर, आणि मेसेज डबा पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी.

कळावे.