गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आजोबांपासून काजू करतो, पण जमीन वनखात्याची आणि जुना कागद एकही नाही. वनहक्काचा दावा टिकेल का? वकील लागेल का?

वकील लागत नाही. नमुना अ भरून गावच्या वनहक्क समितीकडे द्या आणि पोच हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.

कागदाचं नाव काढलंत की माझं डोकं तापतं. आमच्या बागेच्या पाहणीला आलेल्या साहेबांचा पहिलाच प्रश्न, "पोर्तुगीज काळातलं काय आहे?" माझे सासरे त्या डोंगरावर कुमेरी, म्हणजे झाडोरा तोडून-जाळून फिरती शेती, करून नाचणी काढायचे, मग त्याच जागी काजू लावले. कुमेरीवाल्याला कोण कागद देणार होतं? कागद भाटकारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे. शेजारच्या वाड्यावरची म्हातारी काठी टेकत वर आली होती. तिने दगडी गडगा दाखवला, जुन्या मांगराचा, म्हणजे शेतावरच्या खोपीचा, चौथरा दाखवला, कुठल्या काजूखाली कोणाला कळा सुरू झाल्या तेही सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "हे सगळं तोंडी झालं." मी वनहक्क कायद्याचा नियम १३ पुढे धरला. दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं की तो पुरावा. घर, मांगर, बांध हाही पुरावा. एकापेक्षा जास्त पुरावे हवेत, इतकंच. शेवटी लिहून घेतलं, म्हातारीने अंगठा दिला आणि उतरताना साहेबांना म्हणाली, "तुज्या कागदाक वाळवी लागता, माका अजून लागूंक ना."

तुम्ही गावडा, कुणबी की वेळीप, म्हणजे इथल्या अनुसूचित जमातींपैकी आहात का, ते लिहिलं नाहीत. असाल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवा. आमच्यासारख्या इतरांना त्याशिवाय त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात. पण ती अट वनात राहण्याची आणि वनावर पोट भरण्याची आहे, त्याच तुकड्यात कसण्याची नव्हे. कचेरीत हे सोयीने विसरतात.

आणि बायकोचं नाव घाला. यावरून माझं दिराशी बरीच वर्षं वाजतंय. त्यांचं म्हणणं, बाईमाणसाचं नाव लागलं की उद्या विकताना सहीसाठी मागे फिरा. विकताना? कायद्याचं कलम ४(४) नीट वाचा. हक्क नवराबायको दोघांच्या नावे होतो, पोरांना वारसाने जातो, विकता येत नाही. दिल्लीवाल्याच्या व्हिलासाठी हा कायदा झालेला नाही. ज्याला विकायचं आहे त्याने दावाच करू नये.

हं, एक राहिलं. मी कायदा शिकलेली नाही. जमीन वनात न मोडणारी, कोमुनिदादची, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या सामाईक मालकीची निघाली तर वाट वेगळी. म्हादई अभयारण्यात असलात तरी दावा करता येतो, आणि निकाल लागेपर्यंत तुम्हाला हुसकावता येत नाही. मिळेल ते प्रत्यक्ष कसता तेवढंच, चार हेक्टरपर्यंत. ग्रामसभेने नाकारलं तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे जा.

दिरांनी दावा एकट्याच्या नावाने भरलाय. नमुना अ मध्ये जोडीदाराच्या नावाचा रकाना अगदी दुसऱ्या क्रमांकावर आहे, त्यांनी तो कोरा सोडला. जाऊबाईंना मी सांगून ठेवलंय, स्वतः समितीत जा आणि भरून घ्या. दीर हे वाचत असतील तर बरंच आहे.