दार्जिलिंगच्या वाफेच्या गाडीचे फोटो: पहिल्या खेपेसाठी

दार्जिलिंगच्या वाफेच्या गाडीचे फोटो काढायला पहिल्यांदाच निघालात आणि त्यासाठी दार्जिलिंग–घूम जॉयराइड (पर्यटकांसाठीची जाऊन-येऊन फेरी) निवडलीत, हे फार छान केलंत. गाडी सावकाश चालते, रस्त्याला लागून जाते आणि घूमच्या थंडीत (उंची २२५८ मीटर) वाफ दाट दिसते.

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते इथे: गाडीत बसून राहतात. खिडकीतून इंजिन धड दिसतच नाही. एक फेरी प्रवासाची, दुसरी मात्र रुळांलगतच्या हिल कार्ट रोडवरून टिपायची. दार्जिलिंगहून घूमकडे चढ आहे, इंजिन जोर लावतं, धूर तिथेच मिळतो. म्हणून जाणारी गाडी टिपा. परतीच्या उतारावर फारसं हाती लागत नाही. जागा आधी चालत जाऊन हेरा. ऊन कुठून येतं आणि वारा धूर कुठे नेतो, एवढं पाहिलंत तरी अर्धं काम झालं.

सेटिंग सोपी ठेवा:
- शटर १/५०० सेकंद.
- एक्स्पोजर (फोटोचा उजेड) किंचित कमी, नाहीतर पांढऱ्या वाफेतला तपशील उडतो.

आणि माणसं सोडू नका! इंजिनाच्या पुढे बसून रुळांवर वाळू टाकणारा, कोळसा फोडणारा, हेच या गाडीचं खरं वैभव आहे.

बतासिया लूपवर (वाटेतलं रुळांचं गोल वळण) गाडी थांबली की इंजिनापुढे सेल्फीची झुंबड उडते. त्या गर्दीत शिरू नका, वळणावर थोडं लांब उभे राहा. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा असताना मागून येणारी जीप दिसत नाही, तेव्हा रस्त्यावर सोबतीला कुणीतरी हवंच. पॅनिंग (गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं) आणि लेन्सचं नंतर बघू.