सिनेमा ‘शापित’ की ‘न लाभलेला’?

कऱ्हाडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. ज्या सिनेमांच्या कलाकारांवर एकामागून एक संकटं आली, त्यांच्यावर त्या लेख लिहीत आहेत. ‘शापित चित्रपट’ असं लिहिलं, तर कुणीतरी सांगितलं की ‘शापित’ चूक, ‘शप्त’ लिहा. दुसऱ्याने ‘पनवती सिनेमा’ सुचवलं. बरोबर काय?

‘शप्’ धातूचं रूप ‘शप्त’ होतं, हे खरं. संस्कृतात ‘शापित’चा अर्थ शपथ घातलेला असाही आहे. पण मराठीत ‘शापित’ पूर्ण रुळलेला आहे. तो खुशाल लिहा, कुणी खोडला तरी मागे घेऊ नका.

माझी हरकत अर्थाला आहे. शाप म्हटला की शाप देणारा तोंड उघडून बोललेला असतो, त्याला राग यायला कारण घडलेलं असतं आणि बहुतेक वेळा उःशापही असतो. दुर्वासांनी शकुंतलेला शाप दिला, तिथे हे तिन्ही आहे. सिनेमाला शाप दिला कोणी?

दिग्दर्शक के. आसिफ यांच्या ‘लव्ह अँड गॉड’चंच बघा. 1963च्या सुमारास काम सुरू झालं, मजनूच्या भूमिकेत गुरुदत्त. 1964मध्ये ते गेले. आसिफनी संजीवकुमारना घेऊन पुन्हा सुरुवात केली, तर 1971मध्ये स्वतः आसिफ गेले. सिनेमा लागला 1986मध्ये, तेव्हा संजीवकुमारही जाऊन काही महिने झाले होते. तेवीस वर्षांत तीन माणसं, म्हणून लोक शापित म्हणतात. पण लैला झालेल्या निम्मी 2020पर्यंत होत्या, सत्त्याऐंशी वर्षं जगल्या. त्यांना कसा नाही बाधला शाप? आणि संजीवकुमारना हृदयविकार होता, बायपास झालेली होती. ‘शापित’ म्हटलं की हे सगळं झाकलं जातं.

‘द कॉन्करर’ या हॉलिवूडच्या सिनेमाच्या बाबतीत तर हा शब्द घातकच आहे. 1954मध्ये युटाच्या वाळवंटात त्याचं चित्रीकरण झालं. आदल्याच वर्षी शेजारच्या नेवाडात अणुचाचण्या झाल्या होत्या आणि धूळ वाऱ्याने त्या बाजूला आली होती. सुमारे 220 जणांच्या चमूपैकी 91 जणांना 1980पर्यंत कर्करोग झाल्याची नोंद आहे. त्याला अणुचाचण्याच कारण होत्या, असं सिद्ध झालेलं नाही. पण चौकशी वाऱ्याची आणि धुळीची करायची असते, शापाची नाही.

‘पनवती’ मात्र कृपा करून लिहू नका. मूळ ‘पनोती’, शनीचा फेरा. साडेसातीच्या साडेसात वर्षांशेजारी अडीच वर्षांची छोटी पनोती असते, म्हणजे ती येते आणि जाते. बोलण्यात ती माणसाला चिकटली आणि जायची थांबली. आमच्या वाईत मेणवलीच्या घाटावर शूटिंग लागलं की गर्दीत उभं राहायला गावातली पोरं घेतात. आमच्या आळीतला एक जण असाच जायचा, पुढे दोन-चार वाक्यंही मिळाली. लागोपाठ दोन सिनेमे डब्यात गेले आणि कुणीतरी त्याला पनवती म्हटलं. तिसऱ्या वेळी नारळ फुटला तेव्हा त्याला ‘जरा मागे थांब’ सांगितलं. नंतर निरोप यायचाच बंद झाला. बाईच्या बाबतीत हाच शब्द ‘पांढऱ्या पायाची’ होतो. अशा शब्दांनी माणसाच्या पोटावर पाय येतो, म्हणून मी इतकं कळवळून सांगतोय.

‘नाट लागणं’ही इथे बसत नाही. निघताना ‘कुठं चाललास?’ विचारलं की नाट लागते. ती कामाच्या तोंडाशीच लागते, वीस वर्षं पुरत नाही.

मग काय लिहावं? आपल्याकडे बाजारातून म्हैस आणली, ती आटली किंवा दगावली, तर लोक तिला शापित म्हणत नाहीत. ‘म्हैस लाभली नाही’ म्हणतात. घर लाभतं, विहीर लाभते, खडा लाभतो किंवा लाभत नाही. या क्रियापदाची रचनाच फार समंजस आहे: कर्ता वस्तू, माणूस चतुर्थीत आणि दोष कुणाच्याच पदरी नाही. मला न लाभलेली म्हैस पाहुण्याच्या गोठ्यात दोन्ही वेळा कासंडी भरते. म्हणूनच ‘लव्ह अँड गॉड’ आसिफना लाभला नाही, निम्मींचं मात्र काही बिघडलं नाही, असं एका दमात म्हणता येतं.

ताई, मथळ्यात ‘न लाभलेले सिनेमे’ घाला. आत कुठे लोकांची समजूत सांगायची असेल तिथे ‘शापित’ अवतरणचिन्हांत चालेल.