भिंत आधी, खिलार नंतर

प्रश्न : सांगलीत गावभागात आमचं तळमजल्यावरचं घर आहे. सहा फुटी सोफ्याच्या मागे, जाड ब्रशच्या फटकाऱ्यांत रंगवलेल्या खिलार बैलाचा मोठा कॅनव्हास प्रिंट लावायचा आहे. चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. २०१९च्या पुरात या भिंतीला पाणी लागलं होतं, खालचे पोपडे अजून निघतात. माप किती घ्यावं? खोली भडक तर दिसणार नाही ना?

उत्तर : भडकपणाची नको, भिंतीची काळजी करा. पोपडे निघतात म्हणजे ओल आत आहे आणि लोणा बाहेर येतोय. त्यावर नुसती पुट्टी मारली तर येत्या पावसात ती फुगणारच. दोन बाय दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीवर दोन दिवस चिकटवा. आतल्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला धरलं तर हवेतली. भिंतीतली असेल तर आधी ती कुठून चढते ते बघून थांबवा, मग बोटाने वाजवून जिथे पोकळ आवाज येतो तो गिलावा काढून नवा करा आणि पूर्ण वाळू द्या. घाई केलीत तर कॅनव्हासच्या पाठीला, चौकटीच्या खालच्या पट्टीपासून, बुरशी धरेल.

आता माप. सोफा ७२ इंच, म्हणजे चित्र ४८ ते ५४ इंच रुंद हवं. ४८ × ३२ तुम्हाला शोभेल. सोफ्याच्या पाठीपासून खालची कड ६ ते ८ इंच वर ठेवा. पैसे वाचवायला २४ इंची घेऊ नका, एवढ्या भिंतीवर ते पोस्टाच्या तिकिटासारखं दिसतं.

फाइल मात्र तपासा. ४८ इंचांना इंचामागे १०० पिक्सेल धरले तरी रुंदीत ४८०० लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेलं चित्र बरेचदा १६००च्या आसपास उरतं, म्हणजे इंचाला जेमतेम ३३. मग फटकाऱ्यांच्या कडा विरघळतात आणि ज्यासाठी चित्र घेतलं तेच जातं. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

खिलारची खरी अडचण शिंगांची. दीड इंच जाड चौकटीवर कॅनव्हास ताणताना चारही बाजूंनी दोनेक इंच भाग कडेवर आणि मागे वळतो. शिंगाची टोकं फाइलच्या काठापर्यंत असतील तर तीही वळतात आणि समोरून बैल शिंगं छाटल्यासारखा दिसतो. कडेला पार्श्वभूमीचाच रंग वाढवून द्या, असं प्रिंटरला सांगा आणि छपाईआधी नमुना बघा. ३६ इंचांवरच्या चौकटीला मध्ये दोन लांब बाजूंना जोडणारी पट्टी हवीच, नाहीतर त्या आत वाकतात.

पांढऱ्या भिंतीवर पांढरा बैल हरवतो, म्हणून गडद पार्श्वभूमीचं चित्र निवडा. बेंदराच्या साजात रंगवलेला बैल असेल तर शिंगांचा लाल दोन उशांच्या अभ्र्यांत आणा, पडद्यात नको. भिंत साधी, मळकट पांढरी असू द्या. बैलाचं तोंड खोलीच्या आतल्या बाजूला हवं. दिवा २७०० ते ३००० केल्विनचा, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या पुढचा घ्या. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात गेरू आणि शेंदरी मलूल दिसतात. छपाई मॅट घ्या, ग्लॉसवर ट्यूबलाइटची पट्टी चमकते.

टांगायला दोन हूक, मध्ये २४ ते ३० इंच अंतर. ६ मिलिमीटरचं भोक, त्यात गट्टा (स्क्रू धरून ठेवणारा प्लग) आणि दोन इंची स्क्रू. दीड इंची स्क्रू जुन्या जाड गिलाव्यातच अडकतो, विटेला पुरेसा धरत नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर भोक पाडू नका, तिथून वायर जाते. मागे, खालच्या दोन कोपऱ्यांना अर्धा इंच जाडीचे रबरी तुकडे लावा, हवा खेळती राहील.

प्रश्न : साताऱ्यातल्या घरी गव्याचा असाच प्रिंट आहे. पावसाळ्यात मधोमध ढिला पडलाय. ओलं फडकं फिरवलं तर ताणला जाईल का?

उत्तर : फडकं नको, शाई पसरू शकते. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की बरेचदा तो आपोआप ताणला जातो. नाही झाला तर पाठीमागे कोपऱ्यांत लाकडी पाचरी आहेत का बघा. असतील तर चारही कोपऱ्यांत आळीपाळीने एकेक हलका ठोका द्या. एकाच कोपऱ्यात जोर लावलात तर कॅनव्हासला तिरकी सुरकुती पडते. पाचरी नसून कोपरे खिळ्यांनी पक्के केलेले असतील तर प्रिंटरकडूनच पुन्हा ताणून घ्या. धूळ फक्त कोरड्या मऊ ब्रशने झटका.